चेहरा नवा, मशीन जुनं

जुन्या घड्याळांच्या ऑनलाइन बाजारात ‘एचएमटी पायलट’ शोधलं, तर नारिंगी, पोपटी, आकाशी, एखादं चक्क गुलाबी तबकडीचंही पायलट समोर येतं. जाणकारांच्या मनातलं पायलट मात्र काळ्या तबकडीचं आणि ठळक पांढऱ्या आकड्यांचं. मग ही रंगपंचमी आली कुठून? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: मुंबईतून. जुन्या मशीनवर नव्याने रंगवलेली तबकडी, कुठले तरी काटे आणि पॉलिश मारून चकचकीत केलेली केस असं हे जोडकाम. जगभरच्या संग्राहकांनी त्याला ‘मुंबई स्पेशल’ असं नावही देऊन टाकलं आहे. त्या नावात कौतुक फारसं नाही, पण कारागिरी मात्र आहे.

परदेशात याच उद्योगाला ‘मॉडिंग’ म्हणतात आणि तो तिथे प्रतिष्ठित छंद आहे. मोटरसायकलला वेगळं हँडल लावावं तसे लोक घड्याळाची तबकडी, काटे, काच, कडं बदलतात. त्यांचं लाडकं घड्याळ म्हणजे सेइकोचं ‘एसकेएक्स००७’ हे पाणबुड्यांचं घड्याळ. ते १९९६ मध्ये बाजारात आलं आणि २०१९ च्या सुमारास बंद झालं. तोवर त्याच्या सुट्या भागांचा स्वतंत्र बाजार उभा राहिला होता. मूळ कंपनीशी संबंध नसलेले कारखाने त्याच्या मापाची प्रत्येक वस्तू बनवू लागले होते. पुढे सेइको समूहाचंच ‘एनएच३५’ हे स्वयंचलित मशीन सुटं मिळू लागलं आणि छंदिष्टांना आख्खं घड्याळच सुट्या भागांतून जुळवता येऊ लागलं.

हे सगळं वडवणीपासून फार दूरचं वाटेल, पण तसं नाही. बीड जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावात, किंवा शेजारच्या धारूर-माजलगावात, जुनी ट्रंक उघडली आणि तळाशी लग्नात मिळालेलं एचएमटी निघालं तर कुणाला नवल वाटणार नाही. जपानच्या सिटिझनशी करार करून १९६१ मध्ये बंगळुरात एचएमटीचं घड्याळ बनू लागलं आणि पुढची पंचवीसेक वर्षं जावयाच्या मनगटावर शोभायचं ते हेच. ‘जनता’ हे त्यातलं सर्वांत ओळखीचं मॉडेल: रोज किल्ली द्यायची, १७ माणकांचं मशीन, तासाला १८,००० ठोके. त्याची एक आवृत्ती देवनागरी आकड्यांचीही होती. दुसरं घड्याळ निघण्याची शक्यता आहे ते हैदराबादच्या ऑल्विनचं. १९५६ पर्यंत बीड हैदराबाद राज्यात होतं आणि ऑल्विन ही तिथलीच कंपनी. सेइकोशी सहकार्य करून तिने घड्याळं काढली होती.

समजा, असं एक ‘जनता’ हाती आलं. काच ओरखड्यांनी धूसर झाली आहे, तबकडीवर बुरशीसारखे डाग पडले आहेत, पण किल्ली दिली की टिकटिक सुरू होते. ते नवं करायचं, आणि करताना थोडं आपल्या मनासारखंही करायचं. काय काय आडवं येईल?

पहिली अडचण तबकडीच्या पाठीमागे दडलेली असते. तबकडी म्हणजे पितळेची पातळ चकती. तिच्या मागे दोन बारीक पाय असतात आणि ते मशीनमधल्या ठरलेल्या दोन भोकांत बसतात. भोकांच्या जागा प्रत्येक मशीनच्या वेगळ्या, त्यामुळे सेइकोसाठी बनलेली सुंदर निळी तबकडी ‘जनता’वर बसत नाही. चोरबाजारातल्या जोडकामांत यावर सोपा तोडगा दिसतो: पाय कापून टाकायचे आणि तबकडी दुहेरी चिकटपट्टीने डकवायची. वर्षभराने ती अर्धा मिलिमीटर सरकते, मधल्या भोकाची कड काट्याच्या नळीला घासू लागते आणि धडधाकट मशीन बंद पडतं. मालक मात्र मशीनलाच नावं ठेवतो.

काट्यांचं गणित त्याहून नाजूक. एकाच अक्षावर तीन नळ्या एकीत एक बसलेल्या असतात. आजच्या नेहमीच्या जपानी आणि स्विस मशीनांत तास काट्याचं भोक साधारण दीड मिलिमीटरचं, मिनिट काट्याचं ०.९ मिलिमीटरच्या आसपास आणि सेकंद काट्याचं पाव मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. केसाच्या जाडीइतका फरक पडला तरी काटा सैल बसतो किंवा बसतच नाही. दोन काट्यांमधलं उभं अंतरही सांभाळावं लागतं, नाहीतर दर तासाला मिनिट काटा तास काट्याला अडकतो. काटा बसवताना जोर जास्त लागला, तर खालच्या चाकाचं केसाएवढं टोक मोडतं. म्हणून तर डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून काम करणारा माणूस लागतो. अशी माणसं तालुक्याच्या गावांत आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. मोबाइलने वेळ सांगायला सुरुवात केली, क्वार्ट्झ घड्याळाला सेल बदलण्यापलीकडे काही लागेना, आणि घड्याळदुरुस्तीच्या टपऱ्यांत मोबाइलची कव्हरं टांगली गेली.

काच बदलणं सर्वांत सोपं, असं पुष्कळांना वाटतं. ‘जनता’ची मूळ काच खरं तर काच नसून ॲक्रिलिक, म्हणजे पारदर्शक प्लास्टिक. ओरखडे तिच्यावर लगेच पडतात, पण टूथपेस्ट लावून चोळलं की बरेचसे निघतातही. मॉडिंगवाल्यांना हवी असते ‘सफायर’. ती खाणीतून निघालेल्या नीलमाची नसते. ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी ज्योतीत वितळवून स्फटिक वाढवण्याची रीत ऑगस्त व्हर्नूय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये जाहीर केली. घड्याळातली लाल माणकंही त्याच पदार्थाची, फक्त त्यांत क्रोमियमचा अंश असतो. म्हणजे वर बिनरंगी सफायर आणि आत लाल माणकं ही एकाच कुळातली.

सफायरची कठिणता मोह्स मापावर ९. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत भरपूर असलेलं क्वार्ट्झ त्याच मापावर ७. उन्हाळ्यातल्या वावटळीत, ऊसतोडीच्या फडात, सिमेंटच्या कामावर वापरायच्या घड्याळाला हा फरक फार महत्त्वाचा आहे. पण सफायरचा एक दुर्गुण विक्रेते सांगत नाहीत: ती चकाकते. तिचा वक्रनिर्देशांक सुमारे १.७७ असल्याने प्रत्येक पृष्ठभागावरून पावणेआठ टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फिरतो. ॲक्रिलिकवरून परततो तो जेमतेम चार टक्के. भर दुपारी शेतात उभं राहून वेळ बघायची तर साधी सफायर त्रासदायकच. त्यासाठी तिच्यावर मॅग्नेशियम फ्लोराइडसारख्या पदार्थाचा अतिपातळ थर देतात. या थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूंनी परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना बऱ्याच प्रमाणात मारून टाकतात. स्वस्त काचांना हा थर नसतो, किंवा बाहेरून दिलेला असतो आणि काही महिन्यांत खरवडून जातो. शिवाय सफायर कठीण असली तरी ठिसूळ असते. ॲक्रिलिकला तडा जातो, सफायरच्या कपच्या उडतात. कामाच्या माणसाने ॲक्रिलिकच ठेवावं, हे प्रस्तुत लेखकाचं मत छंदिष्टांना पटणार नाही.

आता उष्णतेकडे वळू, कारण मराठवाड्यात तो प्रश्न आपोआप येतो. यांत्रिक घड्याळाची वेळ ठरते बॅलन्स चाक आणि त्याला जोडलेली हेअरस्प्रिंग यांच्या झुलण्यावर. ही जोडी क्रिस्तियान हॉयगेन्सने १६७५ मध्ये घड्याळात आणली. ‘जनता’त सेकंदाला पाच ठोके पडतात, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. जुन्या काळी हेअरस्प्रिंग साध्या पोलादाची असे. तापमान वाढलं की पोलादाची लवचिकता बदलते, स्प्रिंग मऊ पडते आणि चाक सावकाश झुलतं. साध्या पितळी चाकासोबत अशी स्प्रिंग असेल, तर घड्याळ प्रत्येक अंश सेल्सियसला दिवसाकाठी सुमारे ११ सेकंद मागे पडतं. २५ अंशांवर जुळवलेलं घड्याळ मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत पडून राहिलं, तर एका दिवसात तीन मिनिटांहून जास्त मागे जाईल.

यावरचा उपाय स्विस शास्त्रज्ञ शार्ल एदुआर गियोम याने शोधला. निकेल आणि लोखंडाचे असे मिश्रधातू त्याने बनवले की तापमानाने त्यांची लांबी किंवा लवचिकता फारशी बदलत नाही. १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. त्याच्या वारशातल्या मिश्रधातूंची हेअरस्प्रिंग पुढे सर्वसाधारण घड्याळांतही आली. म्हणून जोडकाम करताना एका घड्याळाचं चाक आणि दुसऱ्याची स्प्रिंग असा संसार मांडायचा नसतो. कारखान्यात ही जोडी एकमेकांशी जुळवलेली असते, बदलायची तर अख्खी जोडीच बदलायची. तबकडी कुठलीही लावा, इथे हात आखडता घ्यावाच लागतो.

स्प्रिंगचा आणखी एक शत्रू आता खिशात असतो. फोनच्या स्पीकरमध्ये आणि कव्हरच्या झाकणात चुंबक असतात. हेअरस्प्रिंगला चुंबकत्व लागलं की तिची वेटोळी एकमेकींना चिकटू लागतात, ती जणू आखूड होते आणि घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळू लागतं. नवं रूप दिल्यानंतर घड्याळ ‘बिघडलं’ अशी तक्रार आली, तर आधी होकायंत्र जवळ धरून सुई हलते का ते पाहावं. उलटसुलट फिरणाऱ्या आणि हळूहळू विरत जाणाऱ्या चुंबकक्षेत्रातून घड्याळ काढलं की दोष जातो. त्यासाठी लागणारं यंत्र मुठीएवढं असतं.

अंधारात चमकणाऱ्या आकड्यांबाबत मात्र गंमत चालत नाही. आजची तबकडी चमकते ती स्ट्राँशियम ॲल्युमिनेटमुळे. जपानच्या नेमोतो कंपनीने १९९३ मध्ये हा पदार्थ ‘ल्युमिनोव्हा’ नावाने पुढे आणला. त्यात किरणोत्सर्ग नाही, दिवसा साठवलेला प्रकाश तो रात्री हळूहळू सोडतो. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अनेक स्विस घड्याळांवर रेडियम आहे. अमेरिकेत १९२० च्या दशकात अशा तबकड्या रंगवताना कुंचल्याचं टोक ओठांनी सारखं करणाऱ्या कामगार मुलींचे जबडे सडले, अनेकींचा जीव गेला. त्या जुन्या तबकड्या आता चमकत नाहीत, म्हणून लोक त्यांना निरुपद्रवी समजतात. झिजलेलं असतं ते चमकणारं झिंक सल्फाइड. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचं आहे, ते तसंच बसून असतं. अशी तबकडी नव्याने रंगवण्यासाठी खरवडली, तर ती धूळ थेट छातीत जाते. आजोबांचं लष्करी घड्याळ असेल, तर तबकडीला हात न लावणंच शहाणपणाचं.

मुंबईत हा धंदा फोफावला त्याला कारणं होती. फॅवर-लुबा ही स्विस कंपनी १८६५ पासून मुंबईत होती आणि वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळं मुंबईमार्गे देशभर गेली. पुढे आयातीवर निर्बंध आले, तस्करीतून जपानी घड्याळं उतरू लागली, आखातातून परतणारेही ती घेऊन आले. मुंबईच्या दमट हवेने तबकडीचा रंग लवकर खराब होई, मूळ भाग मिळत नसत आणि गिऱ्हाइकाला घड्याळ टाकून देणं परवडत नसे. तेव्हा तबकडी पुन्हा रंगवून देणं ही साधी गरज होती. कारखान्यात तबकडीवरची अक्षरं मऊ सिलिकॉनच्या गोळ्याने छापतात: कोरलेल्या पत्र्यावरची शाई उचलून तो ती तबकडीवर ठेवतो. छोट्या कारागिरानेही याच्या जवळपास जाणारे मार्ग शोधले. फरक दिसतो तो भिंगाखाली. अक्षरांच्या कडा पसरलेल्या, मिनिटांच्या रेघा असमान आणि कधी कंपनीने कधीच न लिहिलेली ओळ. गरजेचं काम फसवणुकीचं झालं ते या घड्याळांना परदेशी गिऱ्हाईक मिळाल्यावर, आणि ती ‘मूळ स्थितीतली’ म्हणून विकली जाऊ लागल्यावर.

न्यायालयांनीही रेष साधारण इथेच ओढली आहे. अमेरिकेतली व्होर्टिक ही छोटी कंपनी शंभर वर्षांपूर्वीच्या खिशातल्या घड्याळांची मशीनं नव्या केसमध्ये बसवून मनगटी घड्याळं करते. तबकडीवर जुनं ‘हॅमिल्टन’ हे नाव दिसतं म्हणून स्वॅच समूहाच्या हॅमिल्टनने खटला भरला. २०२० मध्ये निकाल व्होर्टिकच्या बाजूने लागला आणि २०२१ मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम ठेवला. मशीन जुनं, बाकीचं काम आपलं, हे कंपनीने गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितलं होतं, ही गोष्ट निर्णायक ठरली. २०२४ मध्ये टेक्सासच्या बेकरटाइमला मात्र रोलेक्सविरुद्ध हार पत्करावी लागली: परके भाग आणि नव्याने रंगवलेल्या तबकड्या असलेली घड्याळं ती रोलेक्सच्या नावासह विकत होती. भारतातही १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार दुसऱ्याचं चिन्ह खोटेपणाने वापरणं हा सहा महिने ते तीन वर्षं कैदेचा गुन्हा आहे. स्वतःच्या मनगटासाठी तबकडी बदलणं आणि तीच घेऊन बाजारात बसणं, यांत केवढं अंतर आहे!

एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. तेव्हापासून ‘जनता’ दुरुस्त करायचं, तर एखादं चाक किंवा बॅलन्सची जोडी दुसऱ्या एचएमटीच्या पोटातून काढणं हाच बहुधा मार्ग उरतो. त्यासाठी चांगलं, मूळ तबकडीचं घड्याळ फोडायला कुणीच धजावत नाही. म्हणून संग्राहक नारिंगी नाहीतर पोपटी ‘मुंबई स्पेशल’ स्वस्तात विकत घेतात. त्याच्या आतलं मशीन बहुतेक वेळा खरंखुरं एचएमटीचं असतं. ते काढून घ्यायचं आणि रंगीत तबकडी डबीत टाकून द्यायची.