संगणकाचा डबा आपणच उघडायला हवा

आपल्या वस्त्यांतील बऱ्याच विहारांत आज एखादा तरी संगणक आहे. कुणा अधिकाऱ्याने निवृत्त होताना दिलेला, कुणा लोकप्रतिनिधीच्या निधीतून आलेला, नाहीतर वर्गणी काढून घेतलेला. त्यावर शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात, जात पडताळणीची कागदपत्रे चढवली जातात, स्पर्धा परीक्षेची मुले हॉल तिकीट काढतात. आणि एक दिवस तो बंद पडतो. मग दुकानदार येतो, डबा मोटारसायकलवर घालून नेतो आणि आठवड्याने फोन करतो, "मदरबोर्ड गेला, आता नवीन सेटच घ्या." कमिटीत वर्गणीचा विषय निघतो, मागच्या जयंतीचा हिशेब निघतो, भांडण होते आणि संगणकावर जुनी चादर पडते. अर्जाची मुदत मात्र कुणासाठी थांबत नाही.

मदरबोर्ड खरोखर गेला होता काय? हा साधा प्रश्न कुणीही विचारत नाही. कारण डबा उघडून पाहणे हे आपले काम नाही, अशी आपली पक्की समजूत झालेली आहे.

ही समजूत कुठून आली याचा आंबेडकरी माणसाने तरी विचार करायला हवा. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातीचे निर्मूलन' या न झालेल्या भाषणात दाखवून दिले. या व्यवस्थेने हात एकाला दिले आणि हाताने केलेल्या कामामागची विद्या दुसऱ्याच्या कुळात कोंडून ठेवली. संगणक आला म्हणून ही वाटणी संपली असे समजण्याचे कारण नाही. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये, आपल्या कुर्ला-साकीनाक्याच्या भंगार गोदामांत जाऊन पाहा. मेलेले मदरबोर्ड हातोडीने फोडणारे, वायर जाळून तांबे काढणारे हात कुणाचे आहेत? बहुतांशी दलित आणि मुस्लिम मजुरांचे. हातमोजे नाहीत, तोंडाला फडके. म्हणजे मदरबोर्ड मेल्यावर तो आपला, जिवंत असताना मात्र त्याला हात लावायची आपल्याला भीती! ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, पण नियमाने कुणाच्या फुप्फुसातला धूर निघत नसतो.

दुसरी बाजू आपल्या शिकलेल्या मुलांची. २००१ पासून महाराष्ट्रात एमएस-सीआयटी सुरू झाले. सरकारी नोकरीसाठी ते लागते म्हणून आपल्या हजारो मुलामुलींनी आईबापांच्या मजुरीतून फी भरून ते केले. चांगलेच केले. पण त्या प्रमाणपत्राने आपल्याला खुर्चीत बसून बटणे दाबायला शिकवले, डब्याचे झाकण उघडायला नाही. ज्या डब्याला आपण सरसकट 'सीपीयू' म्हणतो तो सीपीयू नव्हेच, हेही अनेकांना ठाऊक नसते. तो नुसता पत्र्याचा कॅबिनेट. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, आणि तो तळहातावर सहज मावतो.

हे सगळे लिहिण्याला निमित्त आहे. आमच्या वस्तीतील विहाराच्या अभ्यासिकेसाठी गेल्या वर्षी मुलांनी सुटे भाग आणून संगणक जोडला. अभ्यासिका दहा बाय बाराची. पुस्तकांची दोन कपाटे, एक लांब टेबल, बसणारी मुले चौदा-पंधरा. मोठा कॅबिनेट ठेवायचा तर एका मुलाची जागा जाणार. म्हणून लहान कॅबिनेट घ्यायचे ठरले, मिनी-आयटीएक्स नावाच्या मापाचे. या मापाचा मदरबोर्ड १७० मिलिमीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो, म्हणजे वितीपेक्षा थोडासाच कमी. नेहमीचा पूर्ण आकाराचा एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा. 'व्हिया' या तैवानी कंपनीने २००१ मध्ये हे लहान माप आणले आणि पुढे सर्वांनी ते उचलले. बोर्ड चार स्क्रूंवर बसतो. रॅमच्या बहुधा दोनच खाचा असतात. टेबलाच्या कोपऱ्यात बुद्धमूर्तीच्या फोटोशेजारी तो डबा आज उभा आहे, आणि एकाही मुलाची जागा गेलेली नाही.

जोडणारे तिघे. पॉलिटेक्निकला शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी, वायरिंगची कामे करणारा एक तरुण आणि बारावीचा एक विद्यार्थी. कमिटीचे अध्यक्ष काका आधी तयार नव्हते. "अरे पोरांनो, हे आपलं काम आहे का? वीस-पंचवीस हजाराचा माल आहे, दुकानदाराकडूनच करून घ्या ना." त्यावर ती मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, दुकानात जो जोडतो तो पण बारावीच पास आहे. मी बघून आले." काका हसले आणि गप्प बसले. मी काकांना दोष देत नाही. 'हे आपलं काम नाही' हे वाक्य त्यांचे नाही, ते मनूचे आहे. ते आपल्या तोंडून वदवून घेतले जाते एवढेच. सुरुवातीला त्रिसरण-पंचशील झाले. नारळ नाही की हळद-कुंकू नाही. दसऱ्याला कीबोर्डच्या फटीत अक्षता घालणारे सुशिक्षित लोक आपण कचेऱ्यांतून पाहतोच.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. आपल्या इतर विहारांतील मुलांनी हे करून पाहावे म्हणून थोडे खोलात लिहितो.

लहान कॅबिनेटमध्ये सगळा खेळ क्रमाचा आहे. मोठ्या डब्यात हात आत घालून मागाहूनही काही बसवता येते, लहान डब्यात बोटसुद्धा शिरत नाही. म्हणून प्रोसेसर, त्यावरचा पंखा आणि रॅम हे सर्व मदरबोर्डवर बाहेरच बसवून घ्यायचे आणि मगच बोर्ड आत उतरवायचा. काही लहान बोर्डांवर एम-डॉट-टू जातीची साठवणूक-पट्टी मागच्या बाजूला लागते. ती आधी लावली नाही तर चारही स्क्रू परत काढावे लागतात.

बोर्ड ठेवायचा तो त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर. नायलॉनच्या सतरंजीवर किंवा सिंथेटिक चादरीवर नाही, कारण घर्षणाने अंगात स्थिर वीज साठते आणि तिचा एक न दिसणारा झटका नाजूक भागांना मारू शकतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या हिवाळ्यात स्वेटर काढताना जी चरचर होते तीच ही वीज. अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला हात लावला की ती उतरते.

प्रोसेसर बसवणे हा भीतीचा खरा क्षण. आम्ही घेतला तो इंटेलचा, एलजीए-१७०० सॉकेटचा. यात १७०० बारीक पिना सॉकेटमध्ये असतात आणि प्रोसेसरची पाठ सपाट असते. एएमडीच्या एएम-४ प्रकारात उलट. तिथे १३३१ पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात. पुढच्या एएम-५ मध्ये एएमडीनेही पिना सॉकेटमध्ये नेल्या. दोन्हीकडे नियम एकच: पिनांना बोट लावायचे नाही आणि प्रोसेसर दाबायचा नाही. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर लहान त्रिकोण असतो, सॉकेटवरही तशीच खूण असते. खूण खुणेसमोर आणून प्रोसेसर सरळ खाली ठेवायचा. तो आपल्याच वजनाने बसतो. बसला नाही तर दिशा चुकली आहे असे समजावे. जोर लावला की पिना वाकल्या आणि बोर्ड गेला.

त्यानंतर मात्र गंमत आहे. इंटेलच्या सॉकेटची दांडी खाली आणून अडकवताना बराच जोर लागतो आणि कुरकुर आवाज येतो. बारावीच्या मुलाने हात मागे घेतला. "ताई, तुटतंय!" ताई म्हणाली, "तुटत नाही, दाब." जिथे जोर लावू नये तिथे आणि जिथे लावलाच पाहिजे तिथे, हा फरक पुस्तकातून कळत नाही. तो हातालाच कळतो. दांडी बसताना सॉकेटवरचे काळे प्लास्टिकचे झाकण आपोआप उडून बाहेर येते. ते फेकायचे नाही. का, ते पुढे सांगतो.

पंख्याच्या तळाला उष्णता वाहून नेणारी पेस्ट लागते. प्रोसेसरच्या खोक्यात मिळणाऱ्या पंख्याला ती बहुधा आधीच लावलेली असते. नसेल तर वाटाण्याएवढा ठिपका मधोमध पुरे. चार खुंट्या एकदम नाही, तिरप्या समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या, म्हणजे भार सारखा पडतो. वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागीच. आणि लहान कॅबिनेट घेताना पंख्याची किती उंची त्यात मावते हे आधीच वाचून घ्यावे. झाकण लागत नाही म्हणून हळहळणारे लोक कमी नाहीत.

आत उतरवण्यापूर्वी खोक्यावरच चाचणी घ्यावी. एसएमपीएसच्या दोन वायरी जोडायच्या, मोठी २४ पिनांची आणि प्रोसेसरची ८ पिनांची. स्क्रीन लावायची आणि पॉवर स्विचच्या दोन पिनांना पेचकसाचे टोक क्षणभर टेकवायचे. आमचा पंखा फिरला, स्क्रीन मात्र काळीच. काका म्हणाले, "बघा, मी सांगत होतो." मुलीने रॅमची पट्टी काढून पुन्हा दाबली, 'टक्' असा आवाज आला आणि स्क्रीनवर अक्षरे उमटली. पट्टी एका टोकाला अर्धीच बसली होती, इतकेच. कितीतरी 'गेलेले' मदरबोर्ड असेच असतील! इंटेलच्या प्रोसेसरच्या नावापुढे 'एफ' हे अक्षर असेल तर त्यात चित्र दाखवणारा भाग नसतो, वेगळे ग्राफिक कार्ड लागते, हेही खरेदीच्या वेळी ध्यानात असू द्या. थोडा स्वस्त मिळतो म्हणून तोच गळ्यात मारला जातो.

बाकीचे थोडक्यात. मागच्या खिडकीची पत्र्याची चौकट आधी बसवायची. कॅबिनेटच्या तळावरचे पितळी टेकू फक्त बोर्डच्या चार भोकांखालीच हवेत, एखादा भलत्या ठिकाणी राहिला तर शॉर्ट होतो. प्रोसेसरची ८ पिनांची वायर बोर्ड आत ठेवतानाच ओढून लावायची, कारण लहान डब्यात एसएमपीएस नेमका त्या कोपऱ्यावर येऊन बसतो. दर्शनी बटणांच्या बारीक वायरींत दिव्याला उलटसुलट चालत नाही, स्विचला चालते. आणि एसएमपीएसचा स्वतःचा डबा मात्र कुणीही, कधीही उघडायचा नाही. वीज काढल्यानंतरही त्यातला साठलेला करंट जीवघेणा ठरू शकतो. धाडस आणि अविचार यांत फरक आहे.

नवा संगणक चालू झाल्यावर त्या वायरिंगवाल्या तरुणाच्या मनात आले म्हणून त्याने चादरीखालचा जुना डबा ओढला आणि नव्या एसएमपीएसच्या वायरी त्या 'गेलेल्या' मदरबोर्डला लावून पाहिल्या. तो चालू झाला. गेला होता तो जुना एसएमपीएस. अडीच वर्षे तो डबा धूळ खात होता, आणि त्या अडीच वर्षांत आमच्या वस्तीतली मुले सायबर कॅफेत एका अर्जाला पन्नास-शंभर रुपये मोजत होती. दुकानदाराने फसवले की त्यालाही नीट कळले नाही, हे आज सांगता येणार नाही. पण त्याच्या शब्दाची शहानिशा करू शकणारा एकही माणूस शंभर घरांच्या वस्तीत नसावा? ज्या समाजात वकील आहेत, प्राध्यापक आहेत, अभियंतेही आहेत?

अभियंत्यांना उद्देशून दोन शब्द बोलले पाहिजेत. बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी, परदेशी शिक्षणासाठीही, सरकारकडे पैसा मागितला होता. त्या मागणीच्या वाटेने पुढे आलेली पिढी आज पुण्या-मुंबईच्या आणि बंगळुरूच्या कंपन्यांत आहे. वर्षातून एकदा चैत्यभूमीला येता, वर्गणी देता, त्याबद्दल समाज ऋणी आहे. पण वर्गणीपेक्षा एक रविवार द्या. पेचकस घेऊन विहारात या. एका मुलीला दांडी दाबायला शिकवले तर ती दहा जणींना शिकवील. आमच्याकडे तसे झालेच. शेजारच्या दोन वस्त्यांतून तिला बोलावणे आले.

शेवटी वकील म्हणून कायद्याचे. सुटे भाग घेताना जीएसटीचे पक्के बिल घ्या आणि प्रत्येक भागाचा अनुक्रमांक त्यावर लिहून घ्या. बिल विहाराच्या नोंदणीकृत संस्थेच्या नावे असू द्या, कुणा एकाच्या नावे नको. पुढे माणसे बदलतात आणि भांडणे होतात. वॉरंटीत असलेला भाग दुकानदार घेत नसेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लावण्याचीही सक्ती नाही. मात्र सॉकेटच्या पिना वाकलेल्या असतील तर कंपन्या ती ग्राहकाची हयगय मानतात, आणि झाकणाशिवाय आलेला बोर्ड अनेकदा परतही घेत नाहीत. म्हणून ते काळे प्लास्टिकचे झाकण पाकिटात घालून बिलाला टाचून कमिटीच्या फाईलमध्ये लावून ठेवा.