कॉपी आहे, पण कॉम्प्युटर चालू होईना

मार्चएन्ड आला की कागलमधल्या माझ्या ओळखीच्या दुकानदारांना बॅकअप आठवतो. टॅलीचं फोल्डर पेनड्राइव्हवर टाकायचं, पेनड्राइव्ह गल्ल्यात. हिशेब त्याने वाचतो. पण हार्डडिस्क गेली तर नवी आणून विंडोज टाका, टॅली टाका, प्रिंटरचा ड्रायव्हर शोधा, जीएसटीच्या डिजिटल सहीचं टोकन चालतं का बघा. दोन दिवस गेलेच. पंचतारांकित एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये मशीनला जोडलेला जुना कॉम्प्युटर असेल, तर त्यातलं सॉफ्टवेअर पुन्हा मिळेलच असंही नाही. तिथे अख्खी डिस्कच उतरवून ठेवावी.

मग सी ड्राइव्ह सगळा कॉपी-पेस्ट केला तर? नाही चालत. बटण दाबल्यावर मदरबोर्ड आधी शोधतो तो डिस्कवरचा एक छोटा कप्पा, बहुतेक वेळा 100 एमबीच्या आसपासचा. विंडोज कुठून उठवायचं हे त्यात असतं. त्याला सी, डी असं अक्षर नसतं, म्हणून तो आपल्याला दिसत नाही आणि कॉपीतून सुटतो.

क्लोनझिला हे तैवानचं फुकट सॉफ्टवेअर कप्प्यांसकट डिस्क उतरवतं. रूफस वापरून ते पेनड्राइव्हवर घ्या. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. बिटलॉकर चालू असेल तर आधी काढा. कॉम्प्युटर बंद करताना शिफ्ट दाबून धरा. नाहीतर विंडोज अर्धवट झोपतं आणि क्लोनझिला अडून बसतं. मग पेनड्राइव्हवरून सुरू करून डिस्कवरून डिस्कवर हा पर्याय निवडा.

आता सावकाश. पडद्यावर डिस्कची नावं एसडीए, एसडीबी अशी येतात. कोणती जुनी, कोणती नवी? उलटं निवडलं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि हिशेब साफ. दोन्ही 500 जीबीच्या, एकाच कंपनीच्या असल्या की हमखास घोळ होतो. मी नवी डिस्क जोडण्याआधीच तिच्या सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटपट्टीवर लिहून कीबोर्डच्या कडेला लावतो. क्लोनझिला पुन्हा पुन्हा विचारतं, तेव्हा दरवेळी ते ताडून मगच वाय दाबतो.

क्लोनझिला साधारणपणे भरलेला भागच उतरवतं. सेकंदाला 100 एमबी वेग धरला तर 120 जीबीला 20 मिनिटं. लाइटचा भरवसा नाही, यूपीएस लावाच. डिस्क आधीच टकटक आवाज करत असेल, तर क्लोनच्या नादाला न लागता आधी हिशेबाच्या फायली काढा.

झालं की दोन्ही डिस्क जोडून विंडोज सुरू करू नका; दोघींची ओळख एकच, विंडोज एकीला बाजूला सारतं. यूएसबीच्या डबीतूनही विंडोज सहसा उठत नाही. जुनी काढा, नवी आत बसवा, बटण दाबा. टॅली उघडून एक बिल छापा. बिल नीट आलं की जुनी परत आत, नवी डबीत. वर तारीख लिहा आणि डबी घरी न्या, पण माळ्यावर ठेवा. 2019 आणि 2021 चा पूर आपल्या भागाने पाहिलाय. त्या तारखेनंतरच्या बिलांसाठी गल्ल्यातला पेनड्राइव्ह चालूच ठेवायचा.