आर्नोल्ड ब्रेख्ट : घटनेचा एक सेवक

सनदी अधिकाऱ्याने निष्ठा कोणाशी राखावी, सत्तेवर आलेल्या माणसाशी की राज्यघटनेशी, हा प्रश्न ग्रंथात सोपा असतो; कचेरीत तो कठीण होतो. जर्मन कायदेपंडित व प्रशासक आर्नोल्ड ब्रेख्ट यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

ब्रेख्ट यांचा जन्म १८८४ साली ल्युबेक येथे झाला. कायद्याचे शिक्षण पुरे करून ते न्यायखात्यात शिरले. १९१८ च्या अखेरीस राजेशाही कोसळली तेव्हा ते बर्लिनच्या चॅन्सेलर-कचेरीत होते. नव्या प्रजासत्ताकाची त्यांनी मनःपूर्वक सेवा केली. १९२१ पासून गृहखात्यात असताना सर्व मंत्रालयांसाठी कामकाजाची समान नियमावली सिद्ध करण्यात त्यांचा प्रमुख वाटा होता. १९२७ साली त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले, तेव्हा प्रशिया राज्याने त्यांना आपल्या सेवेत घेतले.

२० जुलै १९३२ रोजी चॅन्सेलर पापेन यांनी राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमाच्या आधारे प्रशियाचे सरकार दूर सारले. प्रशियाने शस्त्र उचलले नाही. लाइपझिगच्या न्यायालयात दाद मागितली. तेथे ब्रेख्ट यांनी राज्याची बाजू मांडली. २५ ऑक्टोबरच्या निकालाने केंद्राचे आयुक्त कायम राहिले. मात्र राइशराट या राज्यांच्या सभागृहात प्रशियाचे प्रतिनिधित्व करण्याचा हक्क जुन्या मंत्रिमंडळाकडेच राहिला. विजय अर्धाच होता, पण त्याचे मोल लवकरच कळले.

२ फेब्रुवारी १९३३ रोजी नवे चॅन्सेलर हिटलर राइशराटपुढे आले. त्यांना उत्तर देण्यास ब्रेख्ट उभे राहिले आणि राज्यघटना व कायदे पाळण्याच्या शपथेची त्यांनी सभ्य शब्दांत आठवण करून दिली. प्रशियात घटनात्मक स्थिती पूर्ववत व्हावी, अशी मागणीही केली. चारच दिवसांनी नव्या वटहुकमाने प्रशियाचे उरलेले हक्क गेले. पुढे ब्रेख्ट यांची नोकरीही गेली. त्याच वर्षी ते अमेरिकेस गेले व न्यूयॉर्कच्या 'न्यू स्कूल'मध्ये अध्यापन करू लागले. १९७७ साली त्यांचे निधन झाले.

त्या भाषणाने हिटलर थांबले नाहीत, हे खरे. परंतु जे घडत होते ते घटनाबाह्य आहे, याची नोंद राज्याच्या अधिकृत सभागृहात, अधिकृत प्रतिनिधीच्या मुखाने झाली. कायद्याच्या सेवकाजवळ पुष्कळदा एवढेच साधन उरते. ते वेळेवर वापरण्यास लागणारे धैर्य कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नसते. ते शाळेच्या वयापासूनच अंगी बाणवावे लागते.