गाडीत बाळ कुठे बसते?

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादकांचा निरोप आला की मी आजवर दमा, लसीकरण किंवा आहार यांपैकी एखादा विषय मुकाट्याने घेत आलो. या वेळी मात्र विषय माझ्या दवाखान्यातल्या बाकावरच सापडला. गेली काही वर्षे तिथे जुन्या मासिकांबरोबर मोटारींची माहितीपत्रके पडलेली असतात. पाडवा-दसऱ्याच्या सुमारास वितरक ती वाटतात, पालक ती दवाखान्यात विसरून जातात आणि माझे पाच-सहा वर्षांचे रुग्ण सुईची धास्ती विसरून ती चाळत बसतात. परवा असाच एक चिरंजीव टाटा मोटारींचे पत्रक हातात धरून आत आला आणि टियागो, अल्ट्रोझ, पंच, नेक्सॉन, हॅरियर, सफारी अशी नावे त्याने मला एका दमात म्हणून दाखवली. दोनाचा पाढा मात्र अजून पाठ नाही, अशी त्याच्या मातोश्रींची तक्रार होती.

तो गेल्यावर ते पत्रक मी प्रथमच बारकाईने वाचले. वर्षानुवर्षे एकाच कंपनीची अशी पत्रके समोर ठेवली, तर बालरोगतज्ज्ञाला त्यांतून काय दिसते, ते आपल्यापुढे मांडावे असे वाटले.

आपल्या पिढीच्या बेळगावकरांना टाटांची ओळख झाली ती मोटारीने नव्हे, ट्रकने. 1945 साली जमशेदपूरला सुरू झालेल्या टेल्को कंपनीने 1954 साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि ट्रक बांधायला घेतले. करार 1969 पर्यंत चालला. त्या काळातल्या ट्रकच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा असे. पुढे पुण्याचा कारखाना उभा राहिला, तो सुमंत मुळगावकर यांच्या दृष्टीतून. 1994 साली आलेल्या 'सुमो'चे नाव त्यांच्याच नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून ठेवले, हे मराठी माणसाने आवर्जून लक्षात ठेवावे. सुमोच्या आधी 1991 साली सिएरा येऊन गेली होती. 1998 साली सफारी आणि पाठोपाठ इंडिका आली. 2003 साली टेल्कोची 'टाटा मोटर्स' झाली. 2005 साली आलेल्या एसला लोकांनी 'छोटा हत्ती' म्हटले आणि भाजी मार्केटपासून गणेश विसर्जनापर्यंत सर्वत्र तो दिसू लागला. इकडे धारवाडला बसबांधणीचा कारखाना झाला. ट्रक आणि मोटारी अशी ही सारी वाहने एकाच छत्राखाली होती. 1 ऑक्टोबर 2025 पासून मात्र कंपनीचे विभाजन झाले. ट्रक, बस, टेम्पो एका कंपनीकडे गेले आणि मोटारी दुसरीकडे. म्हणजे आता पत्रकेही दोन.

या पत्रकांत सर्वांत हृद्य गोष्ट नॅनोची. पावसात एकाच दुचाकीवर भिजत निघालेले चौघांचे कुटुंब रतन टाटांनी पाहिले आणि अशा कुटुंबाला परवडेल अशी सुरक्षित मोटार असावी, असे त्यांच्या मनात आले. 10 जानेवारी 2008 रोजी दिल्लीत नॅनोचे अनावरण झाले. परंतु 2014 साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या मोटारींची धडक-चाचणी घेतली, तेव्हा प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेत नॅनोला एकही तारा मिळाला नाही. ती एकटी नव्हती. पाचही मोटारींची हीच गत झाली. त्या वर्षापर्यंत 'किती तारे' हा प्रश्न आपल्यापैकी कुणीही शोरूममध्ये विचारला नव्हता. आपण 'किती देते?' एवढेच विचारत होतो.

त्यानंतरची वाटचाल खरोखर कौतुकास्पद आहे. डिसेंबर 2018 मध्ये नेक्सॉनला पाच तारे मिळाले. भारतीय बनावटीच्या मोटारीला असे यश प्रथमच लाभत होते. वर्तमानपत्रांत पाच ताऱ्यांचे मथळे झळकले. परंतु त्याच निकालात दुसरा एक आकडा होता आणि तो फारसा कुणी वाचला नाही. पाच तारे प्रौढांसाठी होते, बालकांसाठी तीनच. 2020 साली अल्ट्रोझचे तसेच झाले, मोठ्यांना पाच आणि मुलांना तीन. 2021 साली पंचने बालकांसाठी चार मिळवले. ऑक्टोबर 2023 मध्ये हॅरियर व सफारी यांना प्रौढ आणि बालक अशा दोन्ही गटांत पाच-पाच तारे मिळाले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये नव्या नेक्सॉननेही तेच साधले. दरम्यान 1 ऑक्टोबर 2023 पासून आपल्या सरकारची 'भारत एनकॅप' योजना सुरू झाली. तिच्यात प्रौढांसाठी 32 गुण असतात आणि बालकांसाठी 49. योजनेच्या पहिल्या निकालात हॅरियर आणि सफारी याच मोटारी होत्या आणि त्यांना बालकांसाठी 44.54 गुण मिळाले. पाच वर्षांत तीन ताऱ्यांवरून पाचांवर झालेला हा प्रवास एखाद्या बालकाच्या वाढीच्या आलेखासारखा मला समाधान देऊन गेला.

आणि इथेच मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तीन वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याचे आईवडील धावत आले. गोव्याहून परतताना चोर्ला घाटात अचानक म्हैस आडवी आली आणि वडिलांनी जोरात ब्रेक दाबला. म्हशीला धक्काही लागला नाही. गाडीला ओरखडा नव्हता. मूल मात्र पुढच्या आसनावर आजीच्या मांडीवर होते. ते थेट समोर जाऊन आदळले. कपाळाच्या हाडाला तडा गेला होता आणि भोवती सूज होती. चार दिवस आम्ही त्याला देखरेखीखाली ठेवले. सुदैवाने मेंदूला इजा नव्हती आणि मूल पूर्ण बरे झाले. गाडी कोणत्या कंपनीची होती हे इथे गैरलागू आहे, कारण गाडीचा काहीच दोष नव्हता. वडील पुन्हा पुन्हा एवढेच म्हणत होते, "डॉक्टर, पाच तारे बघून घेतली होती हो गाडी!"

घरी सोडण्याच्या दिवशी ते थोडे शांत झाले होते. त्यांनी विचारले, "मुलाला गाडीत वेगळी सीट लागते, हे तुम्ही आधी कधी बोलला नाहीत?" स्वरात राग नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक लागले. त्या मुलाच्या फाइलमध्ये माझ्याच अक्षरात दहा-बारा नोंदी होत्या. वजन, उंची, लसी, नाचणीचे सत्त्व कधी सुरू करावे, सगळे होते. गाडीत बाळ कुठे बसते, हा प्रश्न एकदाही नव्हता. तो मला सुचलाच नव्हता, कारण 2000 साली मी पहिली मोटार घेतली, ती इंडिका, तेव्हा माझी दोन वर्षांची मुलगी कोल्हापूरपर्यंत आमच्या सौ.च्या मांडीवर, पुढच्याच आसनावर बसून गेली होती. आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही, असे एमडी झालेला मीही मानत होतो. आमच्या वाटेत म्हैस आली नाही, एवढेच.

आता त्या ताऱ्यांकडे पुन्हा पाहू. बालकांसाठी होणाऱ्या चाचणीत दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या बालकांच्या आकाराचे पुतळे मागच्या आसनावर असतात आणि गाडी ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवली जाते. पण ते पुतळे कुणाच्या मांडीवर नसतात. ते बालकांसाठी बनवलेल्या खास आसनांत, म्हणजे चाइल्ड सीटमध्ये, नीट बांधलेले असतात. 49 गुणांपैकी 24 गुण या धडकेचे, 12 गुण अशी आसने गाडीत व्यवस्थित बसतात की नाही याचे आणि उरलेले 13 गाडीतल्या सोयींचे. म्हणजे बालकांचे पाच तारे हे गाडी आणि चाइल्ड सीट यांचे मिळून आहेत. गाडी आपण विकत आणतो. ती सीट मात्र बहुतेक घरांत आलेलीच नसते. पेढे वाटले जातात, चाकाखाली लिंबू ठेवले जाते आणि ज्याच्या जोरावर तारे मिळाले ती वस्तू दुकानातच राहते.

डॉक्टर मंडळींना हिशेब एका ओळीत पटेल. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी धडकेत अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीस पट बल येते. दहा किलोचे बाळ धरायचे म्हणजे दोनशे किलो धरायचे. ते कोणत्याही आईला शक्य नाही. उलट पट्टा न बांधलेल्या आईचे वजन बाळावर येते. दोघांना मिळून एकच पट्टा लावला, तरी हाच धोका राहतो.

मोठ्यांचा पट्टा लहानांना चालत नाही, याचे कारण आपण शरीररचनेत शिकलो आहोत. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढे आणि मान नाजूक; म्हणून त्याचे आसन गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून हवे. त्यामुळे धक्का मानेवर न येता पूर्ण पाठीवर विभागला जातो. थोड्या मोठ्या मुलाच्या कमरेची हाडे पुरेशी वाढलेली नसतात. त्यामुळे कमरेचा पट्टा वर सरकून पोटावर येतो आणि धक्क्यात आतड्याला, मणक्याला इजा करू शकतो. म्हणून किमान दोन वर्षांपर्यंत, आणि आसनाची मर्यादा असेल तोवर, मागे तोंड. नंतर पुढे तोंड करून स्वतंत्र पट्ट्यांचे आसन. त्यानंतर उंची सुमारे 145 सेंटिमीटर होईपर्यंत बूस्टर. तेरा वर्षांपर्यंत जागा मागचीच. आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर मागे तोंड केलेले आसन कधीही नको. उघडणारी एअरबॅग त्या आसनावरच आदळते.

कायदाही स्पष्ट आहे. 2019 च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना वा बालकासनाविना नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. पण लग्नसराईत काँग्रेस रोडवर उभे राहून पाहावे. सनरूफमधून अर्धे बाहेर आलेले मूल आणि त्याचा फोटो काढणारे काका, हे दृश्य हमखास दिसते. त्या सनरूफसाठी वरच्या श्रेणीची गाडी घेणाऱ्यांना चाइल्ड सीटचा खर्च मात्र डोळ्यांत खुपतो.

मोटारीत न बसणाऱ्या मुलांचे काय, हा प्रश्न रास्त आहे. माझे निम्मे रुग्ण आजही दुचाकीवरून येतात. तिच्यासाठीही नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांना हेल्मेट आणि चालकाशी बांधणारा पट्टा यांचा नियम फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. ट्रक, टेम्पो आणि मोठ्या बसना तर तारे मिळण्याची सोयच नाही. भारत एनकॅप फक्त साडेतीन टनांपर्यंतच्या मोटारींसाठी आहे. छोट्या हत्तीच्या मागच्या हौद्यात यात्रेला निघालेली मुले पाहिली की माझा जीव खालीवर होतो. तो हौदा मालासाठी आहे, हे सांगायला कोणत्याही चाचणीची गरज नाही.

मित्रहो, आता माझ्या दवाखान्यात पहिल्या लसीच्या वेळीच मी विचारतो, "कशातून आलात? बाळ कुठे बसले होते?" आज्ज्या रागावतात. "आमची पाच पोरं काय तुमच्या खुर्चीत वाढली काय?" असे एकीने सुनावलेही. मी त्यांना त्या मुलाच्या कपाळाचे सीटी स्कॅनचे चित्र दाखवतो. नाव झाकतो, तडा दाखवतो. काहीजण ऐकतात, काहीजण पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. म्हणूनच ही विनंती: त्या दुसऱ्या डॉक्टरांनीही तोच प्रश्न विचारावा. प्रसूतितज्ज्ञांनी तो सातव्या महिन्यातच विचारला, तर बाळाचे पहिलेच घरी जाणे मांडीवरून होणार नाही.

आणि मोटारींचे पत्रक चाळताना तारे दोनदा मोजावेत. पहिली ओळ आपली आहे, दुसरी बाळाची. ती दुसरी ओळ आपल्या गाडीत खरी ठरते ती चाइल्ड सीट बसवल्यावरच.