माणशी सव्वापाच मीटर

ब्रिटनमध्ये दर नाताळात भेटवस्तूंवरचा सुमारे ३,६५,००० किलोमीटर कागद कचऱ्यात जातो, असा अंदाज तिथे वर्षानुवर्षे मांडला जातो. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर. म्हणजे हा कागद पृथ्वीला नऊ वेढे घालूनही उरेल. चंद्राकडे सोडला, तर ३,८४,४०० किलोमीटरच्या सरासरी अंतरातले जेमतेम १९ हजार किलोमीटर बाकी राहतील.

आता रुंदी घेऊ. गुंडाळी ७० सेंटीमीटर रुंद धरली, तर हा कागद २५५ चौरस किलोमीटर जमीन झाकेल. १६ किलोमीटर लांब, १६ किलोमीटर रुंद असा एकच ताव! चौरस मीटरला ७० ग्रॅम धरले, तर वजन जवळपास १८ हजार टन.

हा कागद ब्रिटनच्या जवळपास सात कोटी लोकांत वाटला, की तान्ह्या बाळासकट माणशी सुमारे सव्वापाच मीटर येतो. जवळपास एक सहावारी साडी! साडी वर्षानुवर्षे नेसली जाते, मग तिची गोधडी होते. हा कागद नाताळच्या सकाळी काही मिनिटांत फाटतो.

या छापील कागदाची चाल फार जुनी नाही. १९१७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत हॉल बंधूंच्या दुकानातला टिश्यू कागद संपला. त्यांनी पाकिटांच्या अस्तराचा नक्षीदार फ्रेंच कागद १० सेंटला एक ताव या दराने ठेवला. तो हातोहात खपला. ‘हॉलमार्क’ ती हीच कंपनी.

रद्दीत टाकून प्रश्न सुटत नाही. लगद्याच्या टाकीत कागदाचे तंतू सुटतात; चकाकत्या कागदावरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा आणि चमकी विरघळत नाहीत. साध्या कागदाचेही तंतू दर फेरीत आखूड होतात. साधारण पाच ते सात फेऱ्यांत ते निकामी होतात. त्यामुळे घेतानाच पारख करावी. तुकडा मुठीत चुरगळा. चुरगळलेला राहिला तर बहुधा निव्वळ कागद. पुन्हा उलगडला तर त्यात प्लॅस्टिक असण्याची शक्यता मोठी.

बचतीचे आकडेही असेच अवाक करतात. आठ सारखे चौकोनी ठोकळे वेगवेगळे गुंडाळण्याऐवजी एका मोठ्या ठोकळ्यात रचून गुंडाळले, तर कागद निम्मा लागतो. प्रत्येक ताव दोनदा वापरला, तर ब्रिटनचे १,८२,५०० किलोमीटर वाचतात. तीनदा वापरला, तर २,४३,००० हून अधिक. त्यासाठी ना कारखाना लागतो, ना वीज, ना पाणी.

म्हणून यंदा जाड, साधा, बिनचमकीचा कागद निवडा. चिकटपट्टीऐवजी सुतळी किंवा फीत बांधा. भेट उघडणाऱ्याला गाठ सोडू द्या, आणि ताव घडी घालून पुढच्या नाताळासाठी जपून ठेवा.