नाव, टीका आणि व्यापारचिन्ह

सप्टेंबर २०१२ मध्ये राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी अरविंद केजरीवाल यांच्या नियोजित पक्षापासून स्वतःला अलग करून घेतले व आपले नाव आणि छायाचित्र त्या पक्षाने वापरू नये असे सांगितले. तेथे प्रश्न व्यापारचिन्हाचा नव्हता. परंतु नावाविषयीची स्वाभाविक धारणा त्यातून स्पष्ट होते. जे कार्य आपले नाही त्यावर आपली मुद्रा उमटू नये, एवढीच ती मागणी. १९९९ चा व्यापारचिन्ह अधिनियमही कलम १४ अन्वये हीच धारणा मान्य करतो : हयात व्यक्तीशी खोटा संबंध सुचविणाऱ्या चिन्हाच्या नोंदणीपूर्वी निबंधक तिची लेखी संमती मागू शकतो.

तथापि नाव स्वतःच्या कार्याला जोडणे ही एक गोष्ट, आणि नाव घेऊन टीका करणे ही दुसरी. चिन्हाचे मालक ही सीमारेषा सोयीस्करपणे पुसतात. मुंबईच्या टाटा सन्सने ‘ग्रीनपीस’विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात लावलेला दावा या दृष्टीने उद्बोधक आहे. ओडिशातील धामरा बंदरामुळे ऑलिव्ह रिडले कासवांना धोका पोहोचतो, हे सांगण्यासाठी त्या संस्थेने संगणकावरील एक खेळ तयार केला होता. त्यात कासवामागे लागणाऱ्या राक्षसांवर टाटांचे ‘टी’ हे चिन्ह होते. टाटांनी १० कोटी रुपयांची भरपाई मागितली. २८ जानेवारी २०११ रोजी न्या. रवींद्र भट यांनी अंतरिम मनाई नाकारली. कलम २९(४) मध्ये ‘योग्य कारणाविना’ हे शब्द आहेत. टीका किंवा विडंबन यांसाठी केलेला चिन्हाचा उपयोग त्या कलमाखाली भंग ठरत नाही, असे त्यांनी म्हटले.

मुक्त आज्ञावलीच्या क्षेत्रात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. तेथील परवाना आज्ञावली नकलण्याची व बदलण्याची मुभा देतो, नाव मात्र राखून ठेवतो. अपाचे परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीत (२००४) तसे स्पष्ट लिहिले आहे. हे मुळात अन्यायाचे नाही. बदललेल्या प्रतीतील दोष मूळ कर्त्याच्या माथी येऊ नयेत, हा हेतू रास्तच आहे. ‘डेबियन’ने २००६ मध्ये फायरफॉक्सची स्वतः सुधारलेली प्रत ‘आइसवीझल’ या नावाने वितरित केली, ती याच कारणाने. २०१६ मध्ये मूळ नाव परतले. परंतु एप्रिल २०२३ मध्ये ‘रस्ट’ भाषेच्या प्रतिष्ठानने नावाच्या वापराविषयीचा मसुदा चर्चेसाठी मांडला, तेव्हा वर्षानुवर्षे विनामूल्य श्रम करणारेच संतप्त झाले. ज्या नावाला त्यांनीच प्रतिष्ठा मिळवून दिली, ते उच्चारण्यासही परवानगी लागेल की काय, ही त्यांची शंका होती. प्रतिष्ठानाला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

एकट्या टीकाकारास निकालापेक्षा वकिलाच्या नोटिशीचेच भय अधिक. भारतीय कायद्यात त्यावर कलम १४२ आहे : निराधार धमकी मिळालेली व्यक्ती स्वतः दावा करून मनाई हुकूम व भरपाई मागू शकते. मात्र नोंदणीकृत मालकाने तत्परतेने भंगाचा दावा दाखल केला, की हा उपाय उरत नाही.