दाढ लावणीपासून दुखतेय, मग दवाखान्यात आजच का?

समजा, तुम्ही मुळशी तालुक्यात मुलाखती घेताय. पौडमधल्या एखाद्या दवाखान्याबाहेर बसलेल्या मावशींना विचारलंत, "दाताला दाखवायला का आलात?" उत्तर येणार, "दाढ दुखते म्हणून." तुम्ही वहीत 'वेदना' लिहून मोकळे!

थांबा. आधी विचारा, "कधीपासून दुखतेय?" दुखणं भातलावणीपासूनचं असेल आणि आता दिवाळी उलटून गेली असेल, तर वेदना हे अर्धंच उत्तर झालं. इतके महिने काढले, मग आजच का?

हाच प्रश्न समाजशास्त्रज्ञ अर्विंग झोला यांनी बॉस्टनमधल्या रुग्णांबद्दल विचारला होता. त्यांचा लेख १९७३ चा. त्यांचं म्हणणं असं, की माणूस लक्षणांशी जुळवून घेतो. ते जुळवून घेणं मोडलं की डॉक्टरकडे जातो. मोडण्याची पाच निमित्तं त्यांनी सांगितली. आपल्याकडची उदाहरणं घेऊन बघा:

१. घरातला ताणाचा प्रसंग: भांडण, कुणाचं आजारपण.
२. चारचौघांत अडचण: घरात लग्न आहे आणि पुढचा दात किडलाय.
३. दुसऱ्याचा रेटा: "आई, आज चलच," म्हणणारी लेक.
४. कामात अडथळा: भाकरी चावत नाही, झोप नाही, पिरंगुटच्या कंपनीत खाडा होतो.
५. स्वतः घातलेली मुदत: "कापणी होऊ दे, मग बघू."

म्हणून 'जागरूकता नाही' असा निष्कर्ष घाईने काढू नका. ताम्हिणीच्या बाजूच्या वाडीतून यायचं म्हणजे एसटीची वेळ, दिवसाची मजुरी आणि सोबत कोण, हे सगळं जुळावं लागतं.

आता खरी काळजीची गोष्ट. मिश्री लावणाऱ्या बाईच्या तोंडात पांढरा चट्टा आला, तर तो बहुतेक वेळा दुखत नाही. त्यातल्या काही चट्ट्यांचा पुढे कॅन्सर होऊ शकतो. पण भाकरी चावता येते, काम चालू आहे, लेकीलाही काही दिसत नाही. म्हणजे निमित्तच घडत नाही!

अशी बाई तुम्हाला दवाखान्याबाहेर भेटणारच नाही. तिथे बसलेत ते निमित्त घडलेले लोक. नमुना फक्त तिथूनच घेतलात, तर न येणाऱ्यांबद्दल तुमचा अभ्यास गप्पच राहील. म्हणून मुलाखतींसाठी घरोघरीही जा आणि प्रश्नावलीत 'का आलात?' याच्या खाली एक ओळ वाढवा: 'आजच का?'